बेंबीच्या देठापासून, पण मोजून: टीव्हीवरच्या क्रीडा समालोचकाची कारकीर्द कशी घडवायची

जोशात बोलणारा समालोचक लोकांच्या लक्षात राहतो तो एखाद्या तीस सेकंदांच्या क्लिपमुळे. शेवटच्या षटकातला षटकार किंवा भरपाई वेळेतला गोल, आणि त्यावर फुटलेला त्याचा आवाज. त्याआधीचे दोन-तीन तास तोच माणूस काय करत होता, हे फारसं कुणी ऐकत नाही. ज्याला हे काम करायचं आहे त्याने मात्र ते दोन-तीन तासच ऐकायला हवेत. तो बराचसा वेळ साध्या, गप्पा मारल्यासारख्या आवाजात बोलत असतो. म्हणून तर त्याला वर चढायला जागा उरते. पहिल्या मिनिटापासून टिपेला लागलेला माणूस शेवटच्या मिनिटाला जाणार कुठे?

पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे: जोश हा राखून ठेवायचा आणि वेळ आली की खर्च करायचा ऐवज आहे. तो राखायचा कसा, खर्चायचा कधी आणि त्यावर पोट कसं भरायचं, ते क्रमाने पाहू.

खुर्ची कोणती, ते आधी ठरवा

कॉमेंट्री बॉक्समध्ये साधारण दोन खुर्च्या असतात. मुख्य समालोचक काय घडतंय ते सांगतो, तज्ज्ञ समालोचक ते का घडलं ते सांगतो. स्टुडिओतला सूत्रसंचालक आणि सीमारेषेवरचा वार्ताहर ही निराळी कामं. स्टेडियमच्या ध्वनिक्षेपकावर बोलणारा उद्घोषक तर आणखी निराळा, कारण त्याचा श्रोता मैदानातच बसलेला असतो. क्रिकेटमध्ये या भिंती जरा पातळ आहेत. तिथे साधारण अर्ध्या तासाच्या पाळ्या लागतात आणि माजी खेळाडू दोन्ही कामं करतात.

वरच्या पातळीवर खेळला नसाल तर तज्ज्ञाच्या खुर्चीकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. तुमची वाट मुख्य समालोचकाच्या खुर्चीकडे जाते, आणि ती बंद नाही. हर्षा भोगले रासायनिक अभियांत्रिकी आणि नंतर व्यवस्थापन शिकले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेले नाहीत. इंग्लंडच्या जॅकी ओटली यांचं फुटबॉल खेळणं गुडघ्याच्या दुखापतीने सुटलं. त्यांनी रुग्णालयाच्या हौशी रेडिओवर बोलायला सुरुवात केली, प्रसारण पत्रकारिता शिकल्या, आणि २००७ मध्ये बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’ या फुटबॉलच्या कार्यक्रमात समालोचन करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

खेळ निवडताना आवडीबरोबर लयही बघा. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला आणि गोष्ट सांगायला जागा असते. फुटबॉलमध्ये चेंडू मधल्या फळीत फिरत असतो तेव्हा आवाज खाली, गोलक्षेत्राजवळ आला की वर, अशी लाट असते. बास्केटबॉलमध्ये एनबीए या अमेरिकी लीगच्या नियमानुसार २४ सेकंदांत फेक करावीच लागते, कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. म्हणजे चढ-उतार छोटे आणि सतत. घोड्यांच्या शर्यतीत मात्र उतार नसतोच. दारं उघडल्यापासून शेवटच्या खांबापर्यंत आवाज चढतच जातो, आणि तो फार लवकर चढला तर अखेरच्या दोनशे मीटरला हाताशी काही उरत नाही. तुमचा स्वभाव यातल्या कुठल्या लयीत बसतो, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

टीव्हीचा आवाज बंद करा आणि बोला

सरावाचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. सामना लावा, आवाज बंद करा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि बोला. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. पुढे अर्धा सामना, मग पूर्ण. पूर्ण सामना करणं महत्त्वाचं आहे, कारण दहा मिनिटं कुणालाही जमतात. खरी परीक्षा निकाल लागून गेलेल्या रटाळ सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात असते.

रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी आधी चित्राशिवाय ऐका, मग चित्राबरोबर. चित्राशिवाय ऐकताना आवाजातले दोष कळतात: श्वास कुठे तुटतो, कोणता शब्द दर वाक्याला येतो, वाक्याचा शेवट गिळला जातो का. चित्राबरोबर ऐकताना अधिक बोचरी गोष्ट कळते: जे दिसतंय तेच आपण पुन्हा सांगतोय.

मग त्यातली दहा मिनिटं शब्दशः लिहून काढा. हे कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण टाळतात. पण ‘अप्रतिम’, ‘जबरदस्त’, ‘काय म्हणावं’ हे दहा मिनिटांत किती वेळा आलं ते कागदावर दिसलं की दुसऱ्या कुणी सांगायची गरज राहत नाही. साध्या चौकाराला ‘अविश्वसनीय’ म्हणून टाकलंत, तर खरोखर अविश्वसनीय झेल पकडला जाईल तेव्हा काय म्हणाल?

चेंडू जिवंत, म्हणजे खेळात, असताना वाक्य लहान हवं. नाव, क्रिया, परिणाम, बस. स्पष्टीकरण, तुलना, किस्सा हे सगळं चेंडू मेल्यावर. नवशिक्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये हमखास आढळणारा प्रकार म्हणजे ते किस्सा सांगत असतात आणि गोल होऊन जातो. किस्सा अर्धवट सोडून देणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. ‘ते असो’ एवढंही म्हणू नका. सरळ खेळाकडे या.

तयारीचा तक्ता

जोश आत्मविश्वासातून येतो, आणि आत्मविश्वास नावं तोंडपाठ असण्यातून. धावणारा खेळाडू कोण हे ओळखायला एक सेकंद लागला, तर त्या सेकंदात आवाज अडखळतो आणि मग त्याची भरपाई ओरडून केली जाते. बऱ्याच आरडाओरड्याचं मूळ या कच्च्या तयारीत असतं.

प्रत्येक सामन्यासाठी एक मोठा कागद करा. दोन्ही संघ मैदानावर जसे उभे राहतात तशी मांडणी, प्रत्येक नावासमोर क्रमांक, एक-दोन आकडे आणि एखादी गोष्ट. केसांची ठेवण, बुटांचा रंग, धावण्याची लकब, म्हणजे दुरून ओळखू येईल असं काहीही लिहा. पाठीवरचा क्रमांक ऐनवेळी दिसतोच असं नाही. घोड्यांच्या शर्यतीचे समालोचक यादीतल्या प्रत्येक घोड्यासमोर जॉकीच्या कपड्यांचे रंग हाताने भरतात, कारण रंगवता रंगवता ते डोक्यात बसतात. हाताने लिहिण्याचा फायदा इथेही तोच.

उच्चार विचारून घ्या. शक्यतो खेळाडूला स्वतःला, नाहीतर संघाच्या माध्यम अधिकाऱ्याला. परदेशी खेळाडूचं नाव चुकीचं घेणं हे त्याच्या घरच्यांसाठी सामन्यातली सर्वांत मोठी आठवण ठरू शकतं.

या कागदावरचा बहुतेक मजकूर वापरला जाणार नाही, आणि तो वापरायचाही नाही. आकडेवारी बाहेर काढायला निमित्त लागतं. गोलंदाजाने यॉर्कर टाकला तर त्याच्या यॉर्करबद्दल बोला. जमवलंय म्हणून त्याच्या शाळेतल्या पहिल्या पाच बळींबद्दल नको.

घसा

इथे जरा थांबू, कारण या क्षेत्रातल्या उत्साही माणसांना सगळ्यात आधी दगा देतो तो घसा.

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलचा सर्वांत गाजलेला दणदणीत आवाज डिक व्हिटेल यांचा. १९७९ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्स या एनबीए संघाच्या प्रशिक्षकपदावरून त्यांना काढलं गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात, नुकत्याच सुरू झालेल्या ईएसपीएनवर ते बोलू लागले. पुढे कित्येक दशकं त्यांनी तो जोश टिकवला. पण २००७ च्या डिसेंबरात स्वरतंतूंवरच्या जखमांसाठी शस्त्रक्रिया करावी लागली, आणि फेब्रुवारी २००८ पर्यंत ते प्रसारणापासून दूर राहिले.

आपण गोंगाटात आपोआप मोठ्याने बोलतो. एतिएन लोम्बार या फ्रेंच कान-नाक-घसातज्ज्ञाने १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. समालोचकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा: हेडफोनमध्ये प्रेक्षकांचा आवाज जास्त आणि स्वतःचा कमी असेल, तर तुम्ही नकळत तीन तास ओरडत राहाल. त्यामुळे सामन्याआधी ध्वनी अभियंत्याला भेटा, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज वाढवून आणि गर्दीचा कमी करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण वर्षानुवर्षांचा घसा वाचतो.

माइकचंही तसंच. हेडसेटचा माइक तोंडाजवळ असतो, तुमचं कुजबुजणंही पकडतो. बीबीसीच्या अभियंत्यांनी विकसित केलेला ओठाला टेकवायचा रिबन माइक याच कारणासाठी समालोचकांच्या हातात दशकानुदशकं राहिला. वरच्या ओठाशी त्याची पट्टी टेकवली की तोंडापासूनचं अंतर कायम राहतं आणि आजूबाजूचा कल्लोळ कमी शिरतो. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची जबाबदारी तुमची नाही, ती यंत्राची आहे.

मग जोश कुठून आणायचा? पोटातल्या श्वासातून, शब्दांच्या वेगातून, व्यंजनं ठसठशीत उच्चारण्यातून, आणि मोठ्या क्षणाच्या आधी मुद्दाम आवाज खाली नेण्यातून. सपाट आवाजात वाढवलेला ढणाढणा ऐकणाऱ्याला थकवतो, आणि खालून वर गेलेला आवाज त्याला खुर्चीच्या कडेला आणतो. घाबरलेल्या किंवा हरखलेल्या माणसाचा आवाज मानेत अडकून चिरका होतो. तसं वाटलं की खांदे खाली सोडा, जबडा सैल करा आणि पुढचं वाक्य मुद्दाम आपल्या नेहमीच्या पट्टीत सुरू करा. महिला समालोचकांना ‘आवाज फार चढतो’ हा शेरा पुरुषांपेक्षा लवकर ऐकावा लागतो. तो बहुतेकदा अन्यायाचाच असतो, पण मूळ पट्टी किंचित खाली ठेवून सुरुवात केली तर चढायला जागा दोघांनाही मिळते.

सामन्याआधी दहा मिनिटं आवाज गरम करा: ओठ थरथरवत सूर काढणं, बारीक स्ट्रॉमधून सूर लावणं, खर्जात हलकं गुणगुणणं. दिवसभर थोडंथोडं पाणी प्या, बॉक्समध्ये आल्यावर एकदम गटागट नको. सामना संपल्यावर दणक्यात पार्टीला गेलात तर तिथल्या गोंगाटात दुसरा सामना बोलल्यासारखं होतं. घसा बसला तर कुजबुजून बोलू नका. त्याने आराम मिळतोच असं नाही, कित्येकांचा ताण उलट वाढतो. सरळ गप्प बसा. दोन-तीन आठवड्यांत आवाज पूर्ववत झाला नाही तर घरगुती उपाय बाजूला ठेवून तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्या.

चित्र बोलत असताना गप्प बसणं

रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड. टीव्हीवर ती तुमची सर्वांत महागडी वस्तू. रिची बेनॉ १९५६ मध्ये, ऑस्ट्रेलियाकडून खेळत असतानाच, बीबीसीचं प्रशिक्षण घेऊन आले होते. पडद्यावर दिसतंय त्यात भर घालता येत असेल तरच बोला, हा त्यांचा नियम. ते जोशपूर्ण समालोचक म्हणून ओळखले जात नाहीत, पण जोशवाल्यांना त्यांचा नियम जास्त लागू पडतो.

पुरावा हवा असेल तर १५ ऑक्टोबर १९८८ चं बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमधलं रेकॉर्डिंग ऐका. दुखऱ्या पायांच्या कर्क गिब्सनने सामना जिंकून देणारा होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडणारा फटका, मारला. समालोचक व्हिन स्कली यांनी चेंडू गेल्याचं सांगितलं आणि मिनिटाहून अधिक काळ एक अक्षर काढलं नाही. लंगडत धावणारा खेळाडू आणि बेभान गर्दी एवढंच प्रेक्षकांपुढे होतं. १३ मे २०१२ रोजी मँचेस्टर सिटीला इंग्लिश प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या अग्वेरोच्या गोलवर मार्टिन टायलर यांनी त्याचं नाव श्वास संपेपर्यंत ताणलं आणि मग ते थांबले. त्या किंचाळीइतकंच त्यानंतरचं थांबणंही लक्षात घ्या.

रिप्लेचा नियमही टीव्हीचाच. ७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत लष्कर आणि नौदल यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पहिल्यांदा तत्काळ रिप्ले दाखवला गेला, तेव्हा हे थेट चित्र नाही, लष्कराच्या संघाने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत, असं समालोचक लिंडसे नेल्सन यांना घाईघाईने सांगावं लागलं. आज तेवढं सांगावं लागत नाही, पण रिप्ले सुरू झाला की मुख्य समालोचकाने तोंड बंद करून तज्ज्ञाला जागा द्यायची असते.

कानात दिग्दर्शक, शेजारी जोडीदार

हेडफोनच्या एका कानात दिग्दर्शक किंवा निर्माता बोलत असतो: वीस सेकंदांत जाहिरात, पुढचं ग्राफिक धावांचं, प्रायोजकाचं नाव घ्या. बोलता बोलता ऐकणं आणि वाक्य नेमकं शून्यावर संपवणं हे घरी शिकता येतं. कुणाला तरी कानात आकडे मोजायला सांगा आणि तुम्ही बोलत राहा. समोरच्या पेटीवर खोकण्यासाठी बटण असतं, ते दाबलं की माइक बंद. दिग्दर्शकाशी बोलायचं बटण त्याच्या शेजारी असतं. कोणतं कुठे, ते बसल्या बसल्या बोटाने चाचपून ठेवा. चुकीचं बटण दाबून जगाला ऐकवलेल्या गोष्टी परत घेता येत नाहीत.

जोडीदाराला वाक्य पूर्ण करू द्या. मरे वॉकर आणि जेम्स हंट बीबीसीवर फॉर्म्युला वनचं समालोचन करायचे तेव्हा दोघांत मिळून एकच माइक दिलेला असायचा, म्हणजे एकमेकांवर कडी करायची सोयच नको. वॉकर उभ्याने, उसळत बोलणारे, हंट बसून, तिरकस. एकाचा भडका आणि दुसऱ्याचा थंड टोमणा यांची ती जोडी १९८० पासून १९९३ मध्ये हंट वारले तोवर चालली. तुमचा जोडीदार शांत असेल तर ते भाग्य समजा. दोन उसळणारी माणसं एका बॉक्समध्ये बसली की प्रेक्षक आवाज बंद करतो.

चूक झाली तर लगेच, एका वाक्यात सुधारा आणि पुढे जा. वॉकर यांच्या चुका तर प्रसिद्ध होत्या. ते एखाद्या गाडीचं कौतुक करायचे आणि पुढच्याच क्षणी ती बंद पडायची. प्रेक्षकांनी त्यांना माफ केलं, कारण त्यांचा उत्साह उसना नव्हता आणि ते चूक लपवत नव्हते.

मोठा क्षण

वाक्य घरून लिहून आणायचं की नाही, यावर या धंद्यात दोन तट आहेत. माझं मत: वाक्य नको, माहिती आणा. कोणता विक्रम मोडेल, किती वर्षांनी विजेतेपद मिळेल, कर्णधाराची ही कितवी अंतिम फेरी, हे जिभेवर हवं. घासूनपुसून आणलेलं वाक्य घडलेल्या प्रसंगाला बसत नाही आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

३ एप्रिल २०१६ ला कोलकात्यात, टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, वेस्ट इंडीजच्या कार्लोस ब्रॅथवेटने इंग्लंडच्या बेन स्टोक्सला सलग चार षटकार मारले आणि इयन बिशप यांनी त्याचं नाव घेऊन, हे नाव लक्षात ठेवा, एवढंच सांगितलं. तेव्हा फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या खेळाडूबद्दल यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं नव्हतंच. १४ जुलै २०१९ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात, लॉर्ड्सवर, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटून इंग्लंड सीमापार फटक्यांच्या संख्येवर जिंकलं, तेव्हा माइकवर न्यूझीलंडचे माजी यष्टिरक्षक इयन स्मिथ होते. स्वतःचा देश हरत असताना त्यांचा आवाज टिपेला गेला आणि इंग्लंड अगदी निसटत्या फरकाने जिंकल्याचं त्यांनी जगाला सांगितलं. तटस्थ राहायचं म्हणजे थंड राहायचं असं नाही, हे या एका रेकॉर्डिंगवरून शिकता येतं.

आवाज भरून आला तर? १९९६ मध्ये जपानमधल्या सुझुकाला डेमन हिल फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला तेव्हा वॉकर यांनी, घसा दाटून आलाय, आता थांबतो, असं सांगितलं आणि ते थांबले. तेही चालतं.

काम मिळवणं

पहिली कामं छोट्या सामन्यांची असतात: महाविद्यालयीन स्पर्धा, क्लबचे सामने, इंटरनेटवर थेट दाखवल्या जाणाऱ्या लीग. तिथे कॅमेरा एक असतो, आकडेवारी देणारं कुणी नसतं, कधीकधी जोडीदारही नसतो. शिकायला उत्तम जागा. दोन-चार महिने आठवड्याला एक याप्रमाणे नियमित करा.

मग नमुना ध्वनिचित्रफीत. तिची पहिली वीस-तीस सेकंदं निर्णायक. निवडणारा निर्माता पुढचं ऐकेलच असं नाही. पण तिथे फक्त किंकाळ्या जोडून ठेवू नका. एक मोठा क्षण, मग लगेच संथ खेळातला दोन-तीन मिनिटांचा सलग, न कापलेला तुकडा, जोडीदाराशी संवाद असलेला एक भाग, आणि मागितल्यास देण्यासाठी पूर्ण सामना तयार. मोठा क्षण काय, सगळ्यांकडे असतो. संथ तुकड्यावरून निर्मात्याला कळतं की हा माणूस तीन तास सहन होईल का. सोबतच्या पत्रात कोणते खेळ, कोणत्या भाषा, किती सामने एवढंच लिहा.

उत्तर येत नाही. महिना-दीड महिन्याने नवीन तुकडा पाठवून पुन्हा विचारा. पहिली संधी बहुधा कुणीतरी आजारी पडल्यामुळे, आदल्या दिवशी फोनवर येते. तेव्हा तयारीचा कोरा तक्ता हाताशी असलेला माणूस होकार देऊ शकतो.

करार, आणि नंतर

बहुतेक समालोचक स्वतंत्र कंत्राटावर, हंगामापुरते किंवा सामन्यामागे ठरलेल्या मानधनावर काम करतात. सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. सामना पावसाने किंवा अन्य कारणाने रद्द झाला तर मानधन मिळतं का? प्रवास आणि मुक्काम कोणाकडे? दुसऱ्या वाहिनीवर किंवा दुसऱ्या खेळात बोलायची मुभा आहे का? तुमच्या समालोचनाच्या क्लिप पुढे जाहिरातीत वापरल्या तर त्याचं काय? तोंडी आश्वासन लेखी करून घ्या.

नाव झालं की लोक तुमच्याकडून तुमचीच नक्कल मागू लागतात. एखादं वाक्य गाजतं आणि दर सामन्यात तेच यावं असा आग्रह होतो. ते राखून वापरा. समाजमाध्यमांवरच्या शिव्या सामन्याच्या मध्यंतरात वाचू नका; ऐकायचंच असेल तर निर्माता आणि एखाद्या ज्येष्ठ समालोचकाकडून हंगामातून दोनदा सविस्तर ऐका.

अलीकडे बरंच समालोचन मैदानापासून दूर, स्टुडिओत पडद्याकडे बघून होतं. तिथे गर्दीचा धक्का अंगावर येत नाही, त्यामुळे जोश एकतर खोटा होतो किंवा पडतो. उभं राहून बोला, हेडफोनमध्ये मैदानाचा आवाज घ्या, आणि प्रसारणाच्या चित्राखेरीज पूर्ण मैदान दाखवणारा दुसरा पडदा आधीच मागून ठेवा. तो नसला तर चेंडू ज्याच्याकडे जाणार आहे तो खेळाडू तुम्हाला प्रेक्षकाच्या आधी कधीच दिसणार नाही.